विजय नगरचा स्लॅब कुणी तडकवला?

अन्याय झाला तो दामू काका सपकाळ आणि त्यांच्या टोळीवर. झाला तो गेल्या अक्षय तृतीयेला, भर दुपारी, पंगत उठल्या उठल्या. इंदूरच्या विजय नगरातल्या एका नव्या कॉम्प्लेक्सच्या पहिल्या स्लॅबला भेगा पडल्या, आणि "मिलवाल्यांनी काम बिघडवलं" असं चारचौघांत सांगून त्यांना साइटवरून घालवून दिलं. ज्यांनी घालवलं त्यांचे हात अजून तुपाचे होते.

मी त्या साइटवर ज्युनियर इंजिनिअर होते, अजूनही आहे. डिप्लोमा केलाय. संध्याकाळी मिलच्या चाळीत पत्रकं लिहिते, तेव्हा भाषा तिखट लागली तर पाणी प्या. पण भेगांबद्दल इथे जे सांगते त्यात पत्रकाचा मसाला नाही. ते मी पुस्तकात वाचलंय आणि डोळ्यांनी पाहिलंय.

दामू काका म्हणजे माझ्या बाबांचे मिलमधले सोबती. मिलच्या फाटकाला कुलूप लागलं तेव्हा बाबा घरी बसले. काका बसले नाहीत. सूत कातायच्या रिंग खात्यातली आपली माणसं गोळा करून त्यांनी स्लॅबची टोळी काढली. मिक्सरमधून आलेलं काँक्रीट सळयांवर पसरायचं, रंध्यानं सपाट करायचं, थापीनं घोटायचं, हे त्यांचं काम. कामाला बरे, तोंडाचे फाटके. "पहिले कापूस खोकायचो, आता सिमेंट खोकतो," म्हणतात. "प्रगती आहे, सुमे."

सुमे म्हणजे मी, सुमन.

विजय नगरात सध्या जिकडे बघाल तिकडे खणलेलं आहे. मिलमध्ये अडकलेला पैसा मोकळा झाला म्हणतात, तो बहुतेक इथेच पळत आला. शोरूम, ऑफिस, फ्लॅट. सगळ्या साइट एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर. एका साइटवर टोळीचं नाव खराब झालं की शेजारच्या साइटवर ते चहा उकळायच्या आत पोचतं. त्यातून मिलवाल्यांचं नाव आधीच खराब करून ठेवलेलं. शहरात कुणालाही विचारा मिल का बुडाली. मशिनं म्हातारी झाली होती, मालकानं नवी घेतली नाहीत, हे कुणी सांगणार नाही. सांगतील, "कामगार आळशी होते." म्हणून काकांच्या टोळीला एक भेग परवडणारी नव्हती. दुसऱ्या टोळीची भेग ही भेग असते, यांची भेग म्हणजे पुरावा.

कॉम्प्लेक्स एका सेठजींचं. त्यांच्या पंडितजींनी मुहूर्त काढला: अक्षय तृतीया, सकाळी साडेदहा. आमचे ठेकेदार आपटे साहेब "हो हो" म्हणून आले. साहेबांचे आजोबा संस्थानी काळात मोठ्या हुद्द्यावर होते. दरबार गेला, पण साहेबांच्या मानेत राहिला. धन्यासमोर ती आपोआप खाली जाते.

मी म्हटलं, "सर, वैशाखात साडेदहाला स्लॅब? दुपारी लू सुटते. पहाटे सुरू करू, ऊन चढायच्या आत झाकून मोकळे होऊ."

"पंडितजींना तू सांगतेस का?"

"सांगते की."

"नको," साहेब घाईनं म्हणाले. "तू खरंच सांगशील."

मग मी दुसरा इलाज केला. नवे टाट मागवले. टाट म्हणजे गोणपाट, तागाच्या लांब पट्ट्या. त्या भिजवून ओल्या स्लॅबवर अंथरायच्या. हे का करायचं ते समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. कणीक मळून उघडी ठेवून बघा. वर पापुद्रा धरतो, मग तो चिरतो. आत कणीक ओलीच असते. ताज्या काँक्रीटचंही तेच. आतलं पाणी हळूहळू वर येत असतं. वर गरम वारा असेल तर पाणी यायच्या आधीच वरचा थर वाळतो, आकसतो, आणि खालचा थर त्याच्याबरोबर आकसत नाही. मग वरची कातडी फाटते. पहिल्या काही तासांतला हा खेळ आहे. म्हणून कणकेवर आई जसं ओलं फडकं टाकते तसे आम्ही टाट टाकतो. हवेतली धूळ लागू नये म्हणून मी ते टाट आदल्या दिवशी धुऊन, वाळवून, गुंडाळ्या करून जिन्याखाली ठेवले. स्वच्छ, नवे कोरे, ताठ. चूक तिथेच झाली. इतके स्वच्छ टाट माळव्यात कुणाला दिसले तर त्याच्या डोक्यात एकच विचार येतो.

तो दिवस उजाडला. मंडप, झेंडूची तोरणं, मिक्सरला हार. पाहुणे जमले. वॉर्डाचे एक नेताजी आले, त्यांच्या मागे फोटोवाला आला. मुहूर्तावर नारळ फुटला, नेताजींनी एक तगारी, म्हणजे घमेलंभर, काँक्रीट ओतलं आणि हात पुसायला रुमाल मागितला. पुढचं सगळं काकांच्या टोळीनं ओतलं. पहिला टप्पा लहानच होता. काम झकास चाललं. टोळीनं पूर्वेकडून सुरुवात केली, पश्चिमेच्या टोकाला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं आणि उत्तरेकडून, सांवेर गावाच्या बाजूनं, लू सुरू झाली. भट्टीचं दार उघडल्यासारखी.

"काका, शेवटचा हात फिरला की लगेच झाकायचं," मी म्हटलं.

"झाकू ना. टाट आण."

मी जिन्याखाली गेले. जिन्याखाली काही नव्हतं.

स्लॅबच्या दिवशी मालकानं मजुरांना जेवण द्यायचं ही रीत आहे, आणि चांगली रीत आहे. मी तिच्याविरुद्ध पत्रक काढणार नाही. बहुतेक लोक संध्याकाळी देतात, काम आवरल्यावर. सेठजींनी दुपारी ठेवलं, कारण पाहुणे दुपारी होते. दाल-बाफले. कणकेचे गोळे, शेण्यांच्या आरात भाजलेले, तुपात बुडवलेले. मंडपात पंगत मांडली होती. सेठजी स्वतः मजुरांना वाढणार होते आणि त्याचा फोटो निघणार होता.

पंगत कशावर मांडली होती, ते तुम्ही ओळखलंच असेल.

मी सेठजींच्या मुनीमजींना गाठलं. "मुनीमजी, ये टाट स्लॅब के हैं."

"तो स्लॅब कहाँ भागा जा रहा है, मैडम? खाना हो जाए, फिर ले जाना."

"तब तक ऊपर फट जाएगा."

"अक्षय तृतीया है. शुभ-शुभ बोलो."

"एक पंगत उठाकर दे दो. एक ही."

मुनीमजींनी पंगतीकडे बघितलं. जवळच्या टाटावर नेताजी मांडी घालून बसले होते. बराच ऐवज होता. "उठाओ," मुनीमजी म्हणाले, "हिम्मत हो तो."

तेवढ्यात टोळीलाही खाली बोलावणं आलं. फोटोसाठी मजूर पहिल्या ओळीत हवे होते. काका मला जिन्यात भेटले.

"काका, थांबा, स्लॅब उघडा आहे."

"मला दिसतंय गं. पण सेठ म्हणतोय पहले भोजन. आणि खरं सांगू? कुलूप लागल्यापासून तुपातला बाफला बघितला नाही. दोन खातो आणि येतो."

ते गेले आणि अडकले. कारण पंगतीचा नियम आहे: वाढणारा थांबत नाही तोवर उठायचं नाही. मधूनच उठलं तर अन्नाचा अपमान, वाढणाऱ्याचा त्याहून मोठा. काकांनी दोन खाल्ले आणि हात टेकून उठायला लागले. सेठजींनी खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं.

"अरे दामूजी, बैठो, बैठो. आज तुम लोग हमारे भगवान हो."

भगवान बसले. पानात तिसरा बाफला पडला. फोटो निघाला. मग नेताजींनी बसल्या जागी भाषण केलं, विषय नव्या युगाचा होता. वर स्लॅबवर लू चालू होती.

मी आपटे साहेबांना खुणा केल्या. त्यांनी तिकडून हातानंच सांगितलं, थोडं थांब. त्यांच्याही पानात नुकतीच डाळ पडली होती. बादलीनं पाणी ओतायची सोय नव्हती, ओल्या काँक्रीटवर पाणी ओतलं की वरचं सिमेंट वाहून जातं. शेवटी सिमेंटच्या थप्पीवरची तिरपाल ओढली, खांद्यावर घेऊन वर गेले आणि जिन्याजवळचा पूर्वेकडचा एक कोपरा तेवढा झाकला. कडेनं विटा ठेवल्या. तिरपाल तेवढीच होती.

खाली उतरताना हलवायाकडे लक्ष गेलं. त्याच्या परातीत उरलेली कणीक होती. तिच्यावर ओलं फडकं होतं. अख्ख्या साइटवर नीट झाकलेली वस्तू तेवढी एकच.

पंगत उठली. नेताजींना स्लॅब बघायचा होता. सेठजी त्यांना वर घेऊन आले, मागे पाहुणे, मागे आपटे साहेब, सर्वांत शेवटी टोळी. नेताजी खाली वाकले. बोट फिरवलं.

"सेठजी, ये तो फट गया."

फाटलाच होता. पूर्वेकडच्या अर्ध्या भागावर तिरक्या, आखूड भेगा होत्या, एकमेकींना समांतर. कुणी नखं ओढल्यासारख्या. पश्चिमेकडे नुकत्याच धरू लागल्या होत्या.

पाहुण्यांमध्ये कुजबूज सुरू झाली. मुहूर्ताच्या दिवशी स्लॅब तडकला म्हणजे काय ते सांगायला नको. सेठजींचा चेहरा उतरला. त्यांनी आपटे साहेबांकडे बघितलं. साहेबांना त्या क्षणी खरं उत्तर माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी तीस वर्षं काँक्रीट बघितलंय. पण खरं उत्तर सेठजींच्या जेवणावर जाऊन पडत होतं. म्हणून साहेब म्हणाले, "फिनिशिंग में गड़बड़ हुई है. नए लोग हैं. मिल के हैं."

सेठजींना तेवढंच हवं होतं. "मिल के हैं? पहले क्यों नहीं बोले? मिल भी तो इन्हीं लोगों ने डुबोई. यहाँ स्लॅब खुला पड़ा है और ये नीचे बैठकर खा रहे थे."

ज्यांनी खांदा दाबून बसवलं होतं, तेच हे म्हणत होते.

काका म्हणाले, "सेठजी, मिल हमने डुबोई? वहाँ तो हमको कभी खाना भी नहीं दिया किसी ने."

कुणीतरी हसलं. त्यानं काम आणखी बिघडलं. सेठजींनी फाटकाकडे हात केला. "निकलो. सब निकलो. आज के बाद इस एरिया में तुम लोगों को कोई स्लॅब नहीं देगा, ये मैं देखूँगा."

टोळी निघाली. काकांच्या हातात घरी न्यायला बांधून घेतलेली बाफल्यांची पुडी होती. मुनीमजी तिच्याकडे बघत होते. काकांनी ती काखेत नीट धरली. "हे माझंच आहे," मला म्हणाले. "भगवानाचा नैवेद्य." आणि गेले.

आता गंमत बघा. ताज्या भेगा बंद करता येतात. काँक्रीट अजून मऊ असेल तर रंध्यानं दाबून पुन्हा घोटायचं, भेग मिटते. पश्चिमेची बाजू अजून मऊ होती. घोटणारी माणसं नुकतीच फाटकाबाहेर गेली होती.

"सर," मी म्हटलं, "थोडाच वेळ आहे."

"कुणाकडून करून घेऊ?"

मी त्यांच्या हातात रंधा दिला.

आपटे साहेब पांढऱ्या बुशशर्टात फळीवर गुडघे टेकून बसले. दुसऱ्या फळीवर मी. पाहुणे बघत होते. फोटोवाल्यानं विचारलं, एक काढू का. साहेब म्हणाले, "खबरदार." घामानं आणि तुपानं त्यांच्या हातातला रंधा सारखा निसटत होता. पण पश्चिमेची बाजू आम्ही वाचवली. मग त्या मंडपातले सगळे टाट मी स्वतः उचलले. झटकले, भिजवले, अंथरले. एकावर डाळीचा डाग होता.

रात्री घरी बाबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "दामूला उद्या दुसऱ्या साइटवर जायचं होतं ना?" होतं. सकाळी तिथून निरोप आला, येऊ नका. निरोप सेठजींच्या मुनीमजींच्या तोंडून फिरला होता.

मी साइटवर गेले ते आपटे साहेबांना सरळ जिन्याजवळच्या कोपऱ्यात घेऊन गेले. तिरपाल उचलली.

"काय दिसतंय, सर?"

"काही नाही."

"काही नाहीच. एक भेग नाही. मिक्सर तोच, सिमेंट तेच, टोळी तीच. सकाळी पहिल्यांदा ओतलेलं काँक्रीट इथलंच आहे, म्हणजे इथे सर्वांत जास्त भेगा हव्या होत्या. फक्त हे झाकलं होतं."

साहेब खाली बसले. हात फिरवला. बराच वेळ बघत राहिले. "तुझं बरोबर आहे, सुमन. पण सेठला कसं सांगायचं? तुम्ही टाटावर बसला होतात म्हणून?"

"मी लिहून देऊ? पत्रक छापायला वेळ लागत नाही. शीर्षक तयार आहे."

"नको," साहेब म्हणाले. उठले, चष्मा पुसला. "मीच बोलावतो त्याला."

सेठजी आले. त्यांना आधी भीती होती स्लॅब पडेल याची. ती मी काढली. एक भेग छिन्नीनं उकरून दाखवली: उथळ होती, सळईपर्यंत गेली नव्हती. अशा भेगा साफ करायच्या, त्यात सिमेंटचं पातळ पाणी ब्रशनं भरायचं, मग कडेनं मातीची आळी करून स्लॅबवर पाणी साठवायचं. इंदूरात याला तराई म्हणतात. ते आम्ही करणारच होतो. सेठजींचा जीव खाली आला. मग त्यांना कोपरा दाखवला.

"ये वाला किसने बनाया?"

"उन्हीं लोगों ने," आपटे साहेब म्हणाले.

"तो ये क्यों नहीं फटा?"

"ढँका था."

"बाकी क्यों नहीं ढँका?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मान खाली जायला लागली होती. मग त्यांनी ती वर केली, आणि हे त्यांच्या नावावर जमा करायला हवं, स्वतःच म्हणाले, "उस पर आप बैठे थे, सेठजी. मैं भी."

सेठजींनी जिन्याखाली बघितलं, मंडपाच्या बांबूंच्या खड्ड्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "किसी ने बताया क्यों नहीं?"

"मुनीमजी को बताया था," मी म्हटलं. "उन्होंने कहा शुभ-शुभ बोलो."

"ठीक है. बुला लो उन लोगों को."

"आप बोलेंगे ना सबके सामने, कि गलती उनकी नहीं थी? निकाला तो सबके सामने था."

"बिटिया," सेठजी म्हणाले, "बुला लिया, बहुत है." आणि गाडीत बसले.

मी चाळीत गेले. काका ओट्यावर बसून कालचे बाफले डाळीत कुस्करत होते. सगळं ऐकून घेतलं.

"माफी मागितली?"

"नाही."

"मागेल असं तुला वाटलं होतं?"

"हो."

"म्हणून तू पत्रकं लिहितेस." त्यांनी एक घास घेतला. "येतो मी. पोरांना काम पाहिजे. पण पुढच्या स्लॅबला एक अट."

पुढचा स्लॅब पहाटे सुरू झाला. यावेळी पंडितजींना पहाटेचा मुहूर्त सापडला. जेवण तरीही दुपारीच होतं, कारण पाहुण्यांना पहाटे बाफले चालत नाहीत. पंगतीची वेळ झाली तेव्हा काका मंडपाच्या दारात उभे राहिले. हातात थापी.

"सेठजी, पहले छत खाएगी."

टाट एकेक करून वर गेले. भिजले, अंथरले गेले. पाहुणे उभे होते. नेताजी उभे होते, आणि उभ्यानं भाषण करता येत असूनही त्यांनी केलं नाही. शेवटचा टाट वर गेल्यावर काका खाली आले आणि नुसत्या जमिनीवर मांडी घातली. सेठजींनी इकडे तिकडे बघितलं. सेंट्रिंगची एक प्लाय होती, तिच्यावर बसले. त्या दिवशी काकांनी किती बाफले खाल्ले ते सेठजींनीही मोजलं नाही.

त्या स्लॅबला भेग नाही. येऊन बघा.

पण शेजारच्या ज्या साइटनं "येऊ नका" सांगितलं होतं, तिनं अजून "या" सांगितलेलं नाही. तिथे अजून हेच बोललं जातं की मिलवाल्यांनी स्लॅब फोडला. कोपऱ्यात उघडकीला आलेली गोष्ट फाटकाबाहेर गेलीच नाही. हाकलताना आवाज मोठा होता, परत बोलावताना हळू होता. मिलबद्दलही शहरात असाच एक मोठा आवाज फिरतो आहे, आणि कोपरा दाखवायला तिथे कुणी तिरपालही टाकली नव्हती.

म्हणून तुमच्याकडे मागणी आहे. तुमचा स्लॅब पडेल त्या दिवशी जेवण संध्याकाळी ठेवा, टाट सकाळी वर चढवा. आणि तुमच्या ऑफिसात, चहाच्या ठेल्यावर, आपल्या इंदूरच्या लालबागच्या मेळ्यात, जिथे कुणी म्हणेल की मिलवाले काम बिघडवतात, तिथे गप्प बसू नका. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं त्याला विचारा: टाट कुठे होते, आणि त्यांच्यावर कोण बसलं होतं?